मदत हवी आहे: खाली पार्किंग असलेली इमारत, कॉलमना जॅकेटिंग करून भागेल का? रविवारी सभा आहे

शलाका_म
तातडीने सल्ला हवाय. आमच्या इमारतीत खाली पार्किंग आहे, नुसते कॉलम. मोठ्या भूकंपात अशाच इमारती आधी बसतात असं वाचल्यापासून झोप उडालीय. सासूबाईंना चालता येत नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. कंत्राटदार म्हणतो, खालच्या कॉलमना जॅकेटिंग केलं, म्हणजे भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचा थर चढवला, की काळजी मिटली. रविवारी ठराव मांडायचाय. हो म्हणू की नको? लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

मुरूम
किती मजले? कोणत्या सालची? खाली खडक, काळी माती की भराव? स्ट्रक्चरल ड्रॉइंग आहेत का?

शलाका_म
पार्किंग आणि वर चार मजले. नेहमीचीच इमारत आहे हो. जॅकेटिंग करावं की नाही, एवढंच विचारलंय.

केदार७७
जॅकेटिंग जुनं झालं. बेस आयसोलेशन करून घ्या. इमारत शिशाचा गाभा असलेल्या रबरी बेअरिंगवर बसते, जमीन हलते आणि वरचं जवळपास शांत राहतं. भूजचं नवं रुग्णालय असंच बांधलंय.

अनुप्रस्थ
केदार, ते नव्याने बांधलं. इथे माणसं राहत असताना एकेक कॉलम टेकू देऊन कापावा लागेल, आणि भोवती इमारत सरकायला मोकळी जागा सोडावी लागेल. शिवाय जमीन मऊ असेल तर धक्के संथ आणि लांब येतात. आयसोलेशनने इमारतीचा झोकाही संथच होतो, म्हणजे नेमकी दोन्हींची गाठ पडते आणि डोलणं वाढतं. १९८५च्या भूकंपात मेक्सिको सिटी केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटर लांब होती. तरी जुन्या तळ्याच्या गाळावरच्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या, कारण त्यांचा झोका गाळाच्या झोक्याशी जुळला. म्हणून मुरूम यांनी जमीन विचारली. शलाका, तेवढं सांगाच.

स्नेहल_प
ताई, दाराजवळ एक पिशवी भरून ठेवा. पाणी, टॉर्च, शिट्टी, सासूबाईंची औषधं, चष्मा. कपाटं भिंतीला पट्टीने आवळा. पलंगाच्या डोक्याशी जड काही टांगू नका.

शलाका_म
धन्यवाद स्नेहल, करते. पण प्रश्न इमारतीचा आहे.

दगडीवाडा
२००१च्या २६ जानेवारीला मी अहमदाबादेत होतो. केंद्र २०० किलोमीटरहून दूर, तरी पार्किंगवरच्या कितीतरी इमारती खाली बसल्या. वरचे मजले अखंड, फक्त एक मजला कमी झालेला. उघड्या पडलेल्या कॉलममधल्या, उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा मी डोळ्यांनी पाहिल्या, लांब लांब बांधलेल्या आणि टोकं उघडलेली. रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवलेलं हवं, नाहीतर काँक्रीट फुटताच ती सुटते आणि उभ्या सळ्या वाकतात. पार्किंगची इमारत मी तेव्हापासून घर म्हणून बघतही नाही. विकून टाका.

मुरूम
विकली तर दुसरं कुणीतरी त्यात राहील. हा उपाय नव्हे.

तंतू
कॉलमभोवती कार्बन फायबरचं कापड गुंडाळा. चार दिवसांत काम, पार्किंग तेवढंच राहतं. आम्ही केलंय.

अनुप्रस्थ
फायबरने कॉलम फुटत नाही, हे खरं. पण तो ताठ होत नाही. वर चार मजले विटांच्या भिंतींनी घट्ट, खाली मोकळं. सगळं डोलणं त्या एका मजल्यात गोळा होतं, हे मूळ दुखणं तसंच राहतं.

तंतू
काहीच न करण्यापेक्षा बरं ना? तुमच्यासारखे लोक परिपूर्ण उपाय सांगतात आणि सोसायट्या दहा वर्षं चर्चाच करतात.

शलाका_म
भांडू नका प्लीज. विचारून आले. बांधकाम १९९४चं, काळी माती. ड्रॉइंग सापडत नाहीत. पार्किंगच्या एका कोपऱ्यात मीटररूम आणि वॉचमनची खोली नंतर विटांनी बांधली. गच्चीवर २०,००० लिटरची जादा टाकीही नंतरचीच. हे महत्त्वाचं आहे का?

अनुप्रस्थ
फारच. हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं. त्या खोल्यांमुळे एक कोपरा ताठ झालाय. धक्क्यात इमारत त्या कोपऱ्याभोवती पिळणार आणि समोरच्या टोकाचे कॉलम सगळ्यात जास्त ओढले जाणार. टाकी भरली की माथ्यावर २० टन वाढतात.

जॅकेटिंग चुकीचं नाही. मात्र नव्या सळ्या स्लॅबला भोक पाडून वर गेल्या पाहिजेत आणि खाली फुटिंगमध्ये, म्हणजे कॉलमखालच्या पायात, रुतल्या पाहिजेत. दोन स्लॅबांच्या मधेच संपणारं जॅकेट वजन पेलतं, पण कॉलम वाकतो तो टोकांशी, आणि तिथे ते नसतंच. पार्किंगमध्ये दोन्ही दिशांना शिअर वॉल (आडवा धक्का पेलणारी काँक्रीटची भिंत) किंवा पोलादी ब्रेसिंग (कॉलमच्या मधे तिरके दांडे) लागेल, समोरासमोर, तोल राखून, पाया तपासून. कुठे आणि किती, हे कंत्राटदार ठरवू शकत नाही. रविवारी जॅकेटिंगचा नको, तपासणीचा ठराव मांडा.

पूल_आणि_रस्ते
इमारतीबरोबर नळांचंही बघा. १९०६च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोत जलवाहिन्या फुटल्या आणि शहर जळत राहिलं. १९७१च्या भूकंपात लॉस एंजेलिसजवळचं एक रुग्णालय मोडलं, ते भक्कम करून पुन्हा बांधलं. १९९४च्या भूकंपात ती नवी इमारत टिकली, पण आतले पाण्याचे पाइप तुटले आणि रुग्ण बाहेर काढावे लागले.

शलाका_म
तपासणीत नक्की काय मागू? आणि दोघं सभासद पार्किंगच्या जागा जातील म्हणून अडून बसलेत.

अनुप्रस्थ
हे उतरवून घ्या: "कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून कॉलमचे कोअर (काँक्रीटचे गोल नमुने) काढून काँक्रीटची ताकद, सळ्या व रिंगांचं अंतर, गंज, फुटिंगचा आकार आणि माती तपासून मोजमापासह नवे नकाशे करावेत, भूकंपाचं गणित करून किमान दोन पर्याय द्यावेत." गच्चीवरची जादा टाकी लगेच रिकामी करा, त्याला ठराव लागत नाही.

मुरूम
गाडीच्या लांबीच्या दिशेने भिंत दोन गाड्यांच्या मधे बसते, जागा सहसा जात नाही. आडव्या दिशेची ब्रेसिंग मागच्या कडेच्या कॉलममध्ये येते का, हे इंजिनियरला आधी विचारा. गाड्यांच्या रेघा आखलेला कागद सभेत दाखवा. दोघांपैकी एक तरी उठून बघायला येईल.

शलाका_म
टेप घेऊन खाली चाललेय. मोजून टाकते इथे.