पैसे मोजणाऱ्यालाच कुलूप अन फुकट्याला दार उघडं, हे कुठवर चालायचं?

लातूरकर_जॉयस्टिक:
मंडळी, आठ दिवस झाले डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय. 2006 ला माझी बारावी झाली तेव्हा मामानं औरंगाबादहून (तेव्हा तेच नाव होतं) मला रेसिंगचा एक ओरिजनल गेम आणून दिला, 999 रुपयाचा, खोक्यासकट. तोच गेम आमच्या लातुरात चोरून कॉपी केलेला, पन्नास रुपयाला काळ्या पन्नीत मिळायचा, दोस्त म्हणायचे तुझ्या मामाला पैसे जड झालेत का. मी ते खोकं तीन भाड्याच्या खोल्या बदलल्या तरी जपलं. आता पोरगं आठ वर्षाचं झालंय, त्याला दाखवावं म्हणून काढलं. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही म्हणून यूएसबीवाला अकराशेचा मागवला, मॅन्युअलच्या मागच्या पानावर कीचं, म्हणजे इन्स्टॉल करताना टाकायच्या कोडचं, स्टिकर, त्यातलं एक अक्षर पुसट, 8 हाय का बी हाय करत करत की टाकली, इन्स्टॉल झालं, पोरगं शेजारी मांडी घालून बसलेलं, डबल क्लिक केलं अन काहीच नाही. एररसुद्धा नाही. पोरगं म्हणलं, "बाबा, खराब झालाय का?"

दोन रात्री घालवल्यावर कळलं की डिस्कवर कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप हाय, ते विंडोजमधल्या एका ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या छोट्या प्रोग्रामच्या, जिवावर चालायचं, अन तो ड्रायव्हर सुरक्षेला धोक्याचा म्हणून मायक्रोसॉफ्टनं 2015 ला विंडोज 10 मध्ये ठेवलाच नाही. त्यात मायक्रोसॉफ्टचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझा राग गेम कंपनीवर हाय, जिनं कुलूप लावलं अन किल्ली हरवल्यावर हात वर केले. मेल केला तर उत्तर आलं, या गेमचा सपोर्ट बंद झालाय, नवीन भाग घ्या. अन गल्लीतल्या एका पोराकडं तोच गेम क्रॅकवाला, म्हणजे कुलूप तोडलेला फुकटचा, पेन ड्राइव्हवरनं पहिल्या दणक्यात चालू. मग मामाच्या 999 रुपयाचं काय झालं?

संभाजीनगर_थ्रीडी:
दादा, तुमच्या डिस्कचं ऐकून खरंच वाईट वाटलं, पण गल्लीतल्या पोराला एवढ्या सहज सोडू नका. मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत मॉडेलिंग करतो, अडीच वर्षं आम्ही सात जणांनी एक गेम बनवला. रिलीज झाला त्याच संध्याकाळी टेलिग्रामवर त्याच्या फुकट कॉपीची लिंक. दुसऱ्या दिवशी सपोर्टला मेल यायला लागले, तिसऱ्या लेव्हलला सेव्ह होत नाही म्हणून, स्क्रीनशॉटसकट. आमच्या प्रोग्रामरनं स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यातला व्हर्जन नंबर बघितला, तो पहिल्या दिवशीचा, आम्ही तो बग सकाळीच काढला होता. म्हणजे फुकट खेळणारे आमच्याकडूनच मदत मागत होते. त्या रात्री आमच्यातलं कुणी जेवलं नाही.

आणि हे नुसतं मनाचं सांगत नाही, डेनुवो नावाच्या, आजकाल मोठ्या गेमना लावतात त्या कुलुपावर 2024 ला एक अभ्यास प्रसिद्ध झालाय, त्यात पहिल्याच आठवड्यात क्रॅक झालेल्या गेमचं साधारण 20 टक्के उत्पन्न गेलेलं दिसलं. मोठ्या कंपनीला 20 टक्के गेले तर शेअर पडतो, आमच्यासारख्याला गेले तर पुढचा गेमच निघत नाही. पुण्यातच बनलेला राजी हा गेम आठवा, 2017 ला त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर पैसे मागितले तर ठरवलेली रक्कम जमली नाही, तरी 2020 ला गेम काढून दाखवला. आपल्याकडं गेम बनवायला कुणी पैसा देत नाही, वर बनवलेला कुणी विकत घेत नाही, मग बनवायचा कुणी?

अंबाजोगाई_लोडशेडिंग:
थ्रीडी भाऊ, तुमचं दुःख कळतंय पण शिक्षा आम्हाला का? माझ्याकडं एक गेम हाय, एकट्यानं खेळायचा, तरी इंटरनेट असल्याशिवाय सुरूच होत नाही. आमच्याकडं लाइट गेली की घरी इन्व्हर्टर हाय, कॉम्प्युटर चालतो, राऊटर चालतो, पण केबलवाल्याचा चौकातल्या खांबावरचा डबा बंद पडतो, त्याला बॅटरी नाही. झालं, मिशनच्या मध्यात बाहेर. साडेतीन हजार देऊन मी खांबाकडं बघत बसायचं अन क्रॅकवाल्यानं खेळायचं!

अन हे आजचं नाही. 2010 ला युबीसॉफ्ट कंपनीनं असासिन्स क्रीड 2 या गेमला अशीच सतत ऑनलाइनची अट घातली, मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला अन पैसे भरलेले लोक खेळायचे बंद. त्यांचाच द क्रू हा गेम तर 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले तसा कायमचा गेला, विकत घेतलेला गेम, एकट्यानंसुद्धा खेळता येईना. त्याच्यावरून युरोपात स्टॉप किलिंग गेम्सची, म्हणजे विकलेले गेम बंद पाडू नका म्हणणारी, मोहीम उभी राहिली, 2025 ला दहा लाखाच्या वर सह्या झाल्या. आपण काय करायलोत? गप बसायलोत.

नांदेड_कॅफे:
मी बारा वर्षं गेमिंग कॅफे चालवतो म्हणून बोलतो. क्रॅक गेम म्हणजे कपाशीचं चोर बीटी हाय. पाकिटावर कंपनीचं नाव नाही, बिल नाही, उगवलं तर उगवलं, नाही उगवलं तर कुणाच्या दारात जाणार? 2018 ला एका पोरानं आणलेला गेम मीच टाकू दिला, त्याच्या फाइलमधी लिहिलेलं की अँटिव्हायरस बंद करा मग सेटअप चालवा. बंद केला. दुसऱ्या दिवशी सहा पीसीवरच्या सगळ्या फाइलींची नावं बदललेली अन पैसे मागणारी चिठ्ठी. एका पोरीचा एमएस्सीचा प्रोजेक्ट आमच्याकडं टाइप होत होता, आठ दिवसांवर सबमिशन, बॅकअप नाही. मी अन माझी बायको दोघांनी तिचे हातानं लिहिलेले कागद घेऊन तीन रात्री बसून परत टाइप केला. त्या दिवसापासून कॅफेत क्रॅक बंद म्हणजे बंद.

आता पोरं व्हॅलोरंट, डोटा 2 असलंच खेळतात, ते तसेही फुकट. तीस रुपये तास देणाऱ्या पोराला चार हजाराचा गेम परवडत नाही हे खरं हाय, पण परवडत नाही म्हणून माल उचलायचा का?

लातूरकर_जॉयस्टिक:
कॅफेवाले भाऊ, तुम्ही त्या पोरीसाठी केलं ते लई मोठं केलं. पण बियाण्याचं काढलंच हाय तर पूर्ण बोलू. आमच्या घरी सोयाबीनचं बियाणं आई कोठीत राखून ठेवते, पुढल्या मिरगाला पेरते, कुणाला विचारावं लागत नाही. मला गेम तसा पाहिजे, एकदा घेतला की माझा. जीओजी या ऑनलाइन गेमच्या दुकानात 2008 पासून बिनकुलपाचे गेम विकायलेत, विचर 3 सारखा मोठा गेम 2015 ला पहिल्या दिवशीच तिथं बिनकुलपाचा आला अन तुफान खपला. बिनकुलपाचं विकलं की बुडालोच, हे मला पटत नाही.

अन थ्रीडी, तुम्ही सांगितलेला अभ्यास मी आत्ताच वाचला. त्यात हेपण हाय की 12 आठवड्यांनंतर क्रॅक झाला तर उत्पन्नात जवळपास काही फरक पडत नाही. मग 12 आठवडे लावा की कुलूप, कोण नको म्हणतंय, पण तेराव्या आठवड्यात काढा. डूम या गेमचं डेनुवो 2016 च्या मेमध्ये लावलं अन डिसेंबरात काढलं, काय बिघडलं त्यांचं? माझ्या गेमचं कुलूप वीस वर्षं झाली तरी तसंच लटकतंय, अन ते लावणाऱ्याला त्याचा एक रुपया फायदा नाही.

संभाजीनगर_थ्रीडी:
12 आठवड्यांचं गणित मोठ्या गेमचं आहे, दादा. आमची विक्री हळूहळू होते, वर्षभरानं सेल लागतो तेव्हा कुठं थोडे पैसे दिसतात. त्यामुळं हे मी मान्य करणार नाही.

तुमच्या डिस्कबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात 65अ कलम आलं, त्यात कुलूप तोडायला 2 वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती हक्क बुडवायच्या हेतूनं तोडलं तर. तुम्ही कुणाचा हक्क बुडवताय? गेम विकत घेतलाय, डिस्क हातात आहे. फक्त त्या पोराच्या पेन ड्राइव्हवरनं घेऊ नका, कॅफेवाल्या काकांचं वाचलंत ना. जुन्या लॅपटॉपवर विंडोज एक्सपी टाका, त्यात तो ड्रायव्हर आहे, नेट जोडू नका, तुमची डिस्क तशीच चालेल.

लातूरकर_जॉयस्टिक:
मेहुण्याकडं पोटमाळ्यावर एक एक्सपीवाला पडलाय, रविवारी उदगीरला जाऊन आणतो. तुमच्या गेमचं नाव मला मेसेज करा, सेलची वाट न बघता पूर्ण पैशात घेतो. त्यात कुलूप हाय का नाही, तेवढं आधी सांगा.