यीस्टला ४२ अंशांचा ताण दिला तरी एम६ए वाढत नाही, चुकतंय कुठे?

शहापूर_बायोटेक (प्रश्न)

नमस्कार. बेळगावात एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या सेमिस्टरचा प्रकल्प आहे. विषय: ताण आल्यावर पेशी आरएनएवरच्या रासायनिक खुणा कशा बदलतात. एम६ए ही त्यातली एक, अ‍ॅडेनोसिनवर बसलेला मिथिल गट.

पद्धत अशी: बेकरीचं पाकिटातलं यीस्ट वायपीडी या ग्लुकोजच्या माध्यमात ३० अंशांवर ओडी (कल्चरची गढूळता) ०.६ पर्यंत वाढवलं. निम्मं फ्लास्क ४२ अंशांवर ६० मिनिटं ठेवलं. एकूण आरएनए काढून ५०० नॅनोग्रॅमचे ठिपके नायलॉन पटलावर टाकले आणि एम६ए ओळखणारी अँटिबॉडी १:१००० ने लावली. ठिपके दिसतात, पण ताण दिलेले आणि न दिलेले सारखेच. आधार धरलेल्या २०१५ च्या पेपरात उष्णतेनंतर एचएसपी७० या उष्णतेपासून वाचवणाऱ्या प्रथिनाच्या एमआरएनएच्या ५ प्राइम टोकाला एम६ए वाढतो असं स्पष्ट आहे.

अँटिबॉडी खराब आहे की वेळ चुकली? मास स्पेक्ट्रोमेट्री आमच्याकडे नाही. हातात दोन महिने आहेत.

वडगाव_मॉलिक्युलर

अँटिबॉडी बदलू नका, पैसे वाया जातील. तुमचा पेपर उंदराच्या आणि माणसाच्या पेशींवरचा आहे. तिथे उष्णतेनंतर वायटीएचडीएफ२ हे प्रथिन केंद्रकात जातं आणि एफटीओ या एन्झाइमला ५ प्राइम टोकावरचा एम६ए पुसू देत नाही. त्यामुळे एमआरएनएच्या टोकावरच्या टोपीवर अवलंबून असलेलं भाषांतर (प्रथिन बनवणं) मंदावलं तरी एचएसपी७० तयार होत राहतं. सॅकॅरोमायसेसमध्ये, म्हणजे तुमच्या यीस्टमध्ये, ही व्यवस्थाच नाही. ग्लुकोजवर वाढणाऱ्या यीस्टच्या एमआरएनएवर एम६ए जवळजवळ नसतो. द्विगुणित पेशी उपाशी राहून बीजाणू करायला निघाल्या की एम६ए लावणारं आयएमई४ जनुक चालू होतं, तेव्हाच ही खूण उमटते.

मग ठिपके कशाचे? एकूण आरएनएत बहुतांश माल राइबोसोमचा आणि टी-आरएनएचा. यीस्टच्या राइबोसोममधल्या १८एस आरएनएमध्ये शेजारीशेजारी दोन डायमिथिल अ‍ॅडेनोसिन आहेत, २५एस मध्ये आणि टी-आरएनएच्या ५८ व्या जागी एम१ए (मिथिल वेगळ्या जागी बसलेलं अ‍ॅडेनोसिन) आहे. अँटिबॉडी यांना थोडीफार चिकटू शकते. शिवाय एम१ए अल्कलीत तापवला की मिथिल गट जागा बदलतो आणि खराच एम६ए बनतो. याला डिमरोथ पुनर्रचना म्हणतात. त्यात पाकिटातल्या यीस्टबरोबर लॅक्टिक जिवाणू येतात, आणि जिवाणूंच्या राइबोसोमवरही एम६ए असू शकतो. म्हणजे तुमचा ठिपका उष्णतेशी संबंध नसलेल्या गोष्टी मोजतोय, तो बदलेल कसा?

एम६एच दाखवायचा असेल तर एसके१ हा द्विगुणित वाण घ्या, २ टक्के पोटॅशियम अ‍ॅसिटेटमध्ये न्या, ०, २, ४, ६ तासांनी नमुने घ्या, पॉली-ए निवड (एमआरएनए तेवढं वेगळं काढणं) लागोपाठ दोनदा करा आणि आयएमई४ काढलेला वाण नकारात्मक नियंत्रण म्हणून ठेवा. ते उपासमारीवरचं काम होईल, उष्णतेवरचं नाही.

पण खरं सांगायचं तर यीस्टची ताणाला दिलेली सगळ्यात सुंदर उत्तरं टी-आरएनएवर आहेत, आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीशिवाय तिथे बरंच करता येतं. डेडन आणि बेग्ली यांच्या गटांनी २०१० आणि २०१२ मध्ये दाखवलं, की हायड्रोजन पेरॉक्साइड दिल्यावर ल्युसिनच्या टी-आरएनएवरच्या सीएए अँटिकोडॉनमधल्या (कोडॉन वाचणारी तीन अक्षरं) ३४ व्या सायटोसिनवर एम५सी, म्हणजे मिथिल लागलेलं सायटोसिन, वाढतो. हे काम ट्रम४ हे एन्झाइम करतं. परिणाम असा की टीटीजी कोडॉन जास्त असलेल्या एमआरएनएचं भाषांतर वाढतं. आरपीएल२२ए या राइबोसोम-प्रथिनाच्या जनुकात जवळजवळ सगळी ल्युसिनं टीटीजीने लिहिलेली आहेत. त्याच्या जोडजनुकात, आरपीएल२२बी मध्ये, तसं नाही. ताण आला की राइबोसोममधलं एक प्रथिन या वाटेने बदलतं.

दुसरं उदाहरण डीएनएच्या इजेचं. ट्रम९ हे टी-आरएनएच्या डगमगत्या जागेवरच्या (वॉबल, म्हणजे तीच ३४ वी) युरिडिनवर शेवटचा मिथिल लावून एमसीएम५यू ही खूण पुरी करतं. तो नसेल तर एजीए आणि जीएए कोडॉन नीट वाचले जात नाहीत, आणि आरएनआर१ व आरएनआर३ कमी बनतात. ही दुरुस्तीसाठी लागणारे डीऑक्सिन्युक्लिओटाइड तयार करणारी प्रथिनं. माल कमी, दुरुस्ती अडते, पेशी डीएनएला इजा करणाऱ्या मिथिल मिथेनसल्फोनेटला (एमएमएस) बळी पडते.

निपाणीकर_यीस्ट

वरच्या उत्तराला धरून प्रयोग सांगतो. प्रयोगशाळेतला नेहमीचा वाण बीवाय४७४१ घ्या, पाकिटातलं नको. सोबत ट्रम४ आणि ट्रम९ काढलेले वाण. पेरॉक्साइडसाठी सकारात्मक नियंत्रण यॅप१ काढलेला, एमएमएससाठी रॅड५२ काढलेला. हे बहुतेक यीस्ट प्रयोगशाळांत असतात. बेंगळुरूच्या इनस्टेम या संशोधन संस्थेत टी-आरएनएच्या थायोलेशनवर (गंधक जोडण्यावर) काम झालंय, तिथे मार्गदर्शकांकरवी पत्र पाठवून बघा की. तिरक्या आगरावरचं यीस्ट रात्रीच्या प्रवासात बर्फाशिवाय टिकतं. आल्यावर जी४१८ या प्रतिजैविकाच्या २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरवर वाढवा आणि पीसीआरने जनुक खरंच गेलंय का ते तपासा.

स्पॉट चाचणी: रात्रभर वाढवलेलं कल्चर ओडी ०.२ ला आणा, ०.६ पर्यंत वाढू द्या, धुऊन ओडी १.० करा, दहापट क्रमाने पाच विरलीकरणं, प्रत्येकी ५ मायक्रोलिटर. प्लेटमध्ये पेरॉक्साइड ०, २, ३, ४ मिलिमोलर. आगर ५० अंशांच्या खाली आल्यावरच औषध घाला आणि प्लेट त्याच दिवशी वापरा. इथेच बहुतेकांचे प्रयोग बिघडतात: गरम आगरात पेरॉक्साइड निम्मं उडून जातं, मग सगळे वाण सारखे वाढतात.

२० व्हॉल्यूमचं द्रावण म्हणजे सुमारे ६ टक्के, १.८ मोलर. ५० मिलिलिटरमध्ये २ मिलिमोलर हवं असेल तर ५६ मायक्रोलिटर. पण बाटलीवर विसंबू नका. शंभरपट विरळ करून क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये २४० नॅनोमीटरला मोजा, गुणांक ४३.६ आहे, म्हणजे ताज्या बाटलीला ०.७८ च्या आसपास यायला हवं. ०.५ आलं तर त्या प्रमाणात जास्त घ्या.

एमएमएस ०.०१ ते ०.०३ टक्के पुरे. ते कर्करोगकारक आहे, वाफेवाटेही जातं. हूडखालीच उघडा, दोन हातमोजे घाला, उरलेलं १० टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये रात्रभर ठेवून मग टाका. यात तडजोड नको.

शहापूर_बायोटेक

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका. उष्णता पूर्ण सोडायची का? मार्गदर्शक मॅडमना तो भाग हवा आहे. आणि ट्रम४ नसलेला वाण पेरॉक्साइडवर कमी वाढला, तर ३४ व्या जागेचं कारण सिद्ध झालं म्हणता येईल?

वडगाव_मॉलिक्युलर

दुसरीचं उत्तर आधी: नाही. ट्रम४ ४०, ४८, ४९ या जागांवरही एम५सी लावतं. म्हणून निष्कर्ष ‘ट्रम४ शिवाय पेरॉक्साइड सहन होत नाही’ एवढाच लिहा. जोडीला कोडॉनची मोजणी द्या: सॅकॅरोमायसेस जीनोम डेटाबेसमधून सगळे कोडिंग क्रम उतरवा, ल्युसिनच्या सहा कोडॉनांत टीटीजीचा वाटा काढा, आरपीएल२२ए आणि बी शेजारी ठेवा. खर्च शून्य, प्रबंधाला वजन येतं.

उष्णतेसाठी स्यूडोयुरिडिन (युरिडिनचं जोडणी बदललेलं रूप) घ्या. २०१४ मध्ये दिसलं की यीस्टला उष्णतेचा धक्का बसल्यावर पस७ हे एन्झाइम अनेक एमआरएनएंवर नवी स्यूडोयुरिडिनं बसवतं. याचं वस्तुमान युरिडिनइतकंच, त्यामुळे साध्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत वजनावरून ते ओळखूही येत नाही. रसायनाची युक्ती लागते. आरएनएला सीएमसी हे रसायन लावा (७ मोलर युरिया, ५० मिलिमोलर बायसिन, पीएच ८.३, ३७ अंश, २० मिनिटं), नंतर ५० मिलिमोलर सोडियम कार्बोनेटमध्ये, पीएच १०.४ वर, ३७ अंशांवर चार तास. युरिडिन आणि ग्वानोसिनवरून सीएमसी सुटतं, स्यूडोयुरिडिनवर राहतं, आणि उलट प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनवणं) त्याच्या एक न्युक्लिओटाइड अलीकडे थांबतं. सीएमसी न लावलेला नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवा. आरएनए तुटला तरी प्रतिलेखन थांबतं, आणि चार तासांच्या अल्कलीत तो तुटतोच. पस७ काढलेल्या वाणात थांबा नाहीसा झाला तर खूण खरी.

निपाणीकर_यीस्ट

साठवणीचं राहिलं. उन्हाळ्यात आपल्याकडे वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, फ्रीझर वितळतो. आरएनए पाण्यात ठेवू नका, ०.३ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ५.२, आणि अडीचपट इथेनॉलमध्ये अवक्षेप म्हणूनच उणे २० ला ठेवा. लागेल तेव्हाच सेंट्रिफ्यूज करून विरघळवा. काढतानाही आम्लधर्मी फिनॉल ६५ अंशांवर वापरा.