वाइन, प्रोटॉन आणि मध्येच बंद पडणारे प्रोग्राम: तुमचे अनुभव लिहा

वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा प्रोटॉन (वाइनचीच स्टीममधल्या गेमसाठीची आवृत्ती) वापरून लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे बरेच जण आहेत, पण क्रॅश झाला की जो तो एकटाच डोकं फोडत बसतो, म्हणून हा धागा. नुसतं 'चालत नाही' असं नको, काय दिसलं, कुठे शोधलं, कशाने सुटलं ते सगळं लिहा. सुरुवात मी करते.

माझं एक जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर, आयकॉनवर क्लिक केलं की खिडकी यायची नि लगेच गायब. टर्मिनलमधून चालवलं तर धडाधड ओळी आल्या आणि शेवटी 'पेज फॉल्ट'. सगळे त्या शेवटच्या ओळीलाच धरून बसतात, पण ती फक्त प्रोग्राम पडल्याची नोंद असते हो, कारण बरंच वर असतं. 'फिक्समी'वाल्या ओळी बहुतेक वेळा सोडून द्यायच्या, 'एरर'च्या वाचायच्या. वर जाऊन पाहिलं तर एमएसव्हीसीपी१४० ही डीएलएल (प्रोग्रामला लागणारी विंडोजची लायब्ररी फाइल) सापडत नाही असं स्पष्ट लिहिलेलं. वाइनट्रिक्समधून (वाइनमध्ये असे विंडोजचे भाग टाकून देणारं साधन) व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम, म्हणजे ती डीएलएल ज्यात येते तो संच, टाकला, तेव्हापासून व्यवस्थित चालतंय.

—

लॉगबद्दल +१. प्रोटॉनवाल्यांनी स्टीममध्ये गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉनचा लॉग चालू करावा, होम फोल्डरमध्ये फाइल मिळते. माझ्याकडे नवे गेम मस्त चालायचे आणि एक जुना ३२ बिटचा सुरू होताच पडायचा. ग्राफिक्स ड्रायव्हर फक्त ६४ बिटचा होता, ३२ बिटच्या व्हल्कन (ग्राफिक्ससाठीची प्रणाली) लायब्ररी नव्हत्याच. त्या टाकल्या, विषय संपला.

—

मी एकच सांगेन, प्रत्येक प्रोग्रामला वेगळा प्रीफिक्स (वाइन ज्यात विंडोजची नकली सी ड्राइव्ह आणि सेटिंग ठेवतं ते फोल्डर) द्या. एकाला डॉटनेट ४.८ (मायक्रोसॉफ्टचा रनटाइम) लागतं म्हणून टाकलं की त्याच प्रीफिक्समधला दुसरा, आधी चांगला चालणारा प्रोग्राम रुसू शकतो, मग कशामुळे काय बिघडलं ते कळतच नाही. वेगळा असला तर तेवढाच उडवून नवा करता येतो, बाकीच्यांना धक्का नाही. आणि सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) वाइन अजिबात चालवू नका, फाइली रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या, नावावर जातात आणि नंतर परवानगीच्या भानगडी सुरू.

—

ड्युअल बूटवाल्यांसाठी (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्यांसाठी). माझे गेम विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरच होते, जागा वाचते म्हणून तिथूनच प्रोटॉनने चालवत होतो तर कधी सुरू व्हायचे, कधी नाही. प्रीफिक्समध्ये 'डॉसडिव्हायसेस' नावाचं फोल्डर उघडून बघा, त्यात 'सी:' अशा नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा दुवा) दिसेल, आणि नावात कोलन असलेली फाइल विंडोजला चालतच नाही. म्हणून सगळं ईएक्सटी४ वर, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर हलवलं.

—

मोठ्या नकाशांचा एक गेम लोडिंग संपता संपताच बंद व्हायचा आणि रॅम तर भरपूर शिल्लक. शेवटी लिनक्स कर्नलची मॅक्स मॅप काउंट (एका प्रोग्रामला मेमरीचे किती वेगवेगळे तुकडे घेता येतात) ही मर्यादा निघाली, मूळ आकडा ६५५३०, तो सिस्कंट्रोलने (कर्नलच्या सेटिंग बदलणारी कमांड, sysctl) १०४८५७६ केला. फेडोरा ३९ आणि उबंटू २४.०४ पासून हा वाढीव आकडा आधीच असतो, तेव्हा जुन्या आवृत्तीवर असाल तर आधी हा बघा.