अष्टपैलू, निर्धाव, टिच्चून: बापू नाडकर्णींसाठी नेमका शब्द कोणता?

मूळ प्रश्न

क्रिकेटपटू बापू नाडकर्णींचा परिचय लिहायला घेतला आहे. 'नाशिकचे अष्टपैलू कसोटीपटू' असे लिहिले, तर मजकूर वाचणाऱ्या मित्राने 'अष्टपैलू'वर काट मारली. त्याच्या मते हा शब्द विनू मांकड, कपिलदेव यांच्यासाठी ठेवावा; बापू म्हणजे गोलंदाज, आणि तेही निर्धाव षटकांचे (ज्यात गोलंदाजाच्या खात्यात एकही धाव जात नाही). त्याने 'कंजूष गोलंदाज' असे सुचवले आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मांडता येत नाही. 'अष्टपैलू' नेमके कोणाला म्हणावे? आठ पैलू कोणते?

प्रतिसाद

आठ मोजत बसू नका. मराठीत 'अष्ट' पुष्कळदा 'सगळ्या बाजूंनी' एवढाच अर्थ देतो. अष्टौप्रहर काम करणारा माणूस घड्याळ लावून प्रहर मोजत नाही, आणि अष्टावधानी म्हटले की एकाच वेळी अनेक ठिकाणी लक्ष असणारा एवढेच आपण समजतो. 'पैलू' फारसीतून आला, मूळ अर्थ बाजू, कड. रत्नाच्या घासलेल्या बाजूंना आपण पैलू म्हणतो, त्यावरूनच 'पैलू पाडणे'. म्हणजे संस्कृत आकडा आणि फारसी नाम यांचा हा जोडशब्द आहे, आणि तो इतका मुरला आहे की सांधा दिसत नाही.

पण पैलू पाडलेल्या रत्नाची प्रत्येक बाजू चमकावी लागते, एक चमकदार आणि बाकीच्या खडबडीत असे चालत नाही. म्हणून थोडी गोलंदाजी, थोडी फलंदाजी करणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द लावणे मला खटकते. अशा खेळाडूला 'उपयुक्त खेळाडू' म्हणावे, त्यात कमीपणा काही नाही.

'चतुरस्र' हा जवळचा शब्द आहे (अस्र म्हणजे कोन, 'चतुरस्त्र' नव्हे, तिथे शस्त्रास्त्रांचा संबंध नाही). पण तो लेखक-कलावंतांना शोभतो, मैदानावर रुळलेला नाही.

प्रतिसाद

वरची कसोटी बापूंनाच लावून पाहू. ४१ कसोटी, १४१४ धावा, ८८ बळी. नुसते आकडे पाहून तुमच्या मित्रासारखे मत होऊ शकते. पण १९६३-६४ची इंग्लंडविरुद्धची मालिका घ्या. मद्रासच्या पहिल्या कसोटीत ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. त्यातली सलग २१ षटके निर्धाव, समोर इंग्लंडचे फलंदाज बोलस आणि बॅरिंग्टन. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑनची (पहिल्या डावात फार मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजी करण्याची) वेळ आली, तेव्हा बापू पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२. दोन्ही डावांत इंग्लंडला त्यांना बाद करता आले नाही आणि सामना अनिर्णित राहिला. हे कितीजणांना पाठ आहे? एका विक्रमाने त्या माणसाची अर्धी कारकीर्द झाकून टाकली आहे, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

पुढच्याच मोसमात मद्रासलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६, एकूण ११ बळी. आपण तो सामना हरलो. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला ४३ धावांत ६, आणि त्या दौऱ्यात भारताने परदेशात पहिल्यांदा मालिका जिंकली. म्हणजे ते फक्त धावा रोखत, बळी घेत नसत, हेही खरे नाही.

मांकडांचे नाव निघालेच आहे तर सांगतो. बापूंचे कसोटी पदार्पण १९५५ साली दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध झाले, तेही मांकड विश्रांती घेत होते म्हणून. नाबाद ६८ केल्या, ५७ षटके टाकून बळी मिळाला नाही, आणि मांकड परतल्यावर जागा गेली. डावखुऱ्या फिरकीचा अष्टपैलू संघात आधीच होता, आणि तोही विनू मांकड! तुमच्या मित्राने दोघांना वेगळ्या खणांत टाकले, पण संघात दोघांची जागा एकच होती.

मूळ प्रश्नकर्ता

कानपूर मला माहीत नव्हते. आता 'अष्टपैलू' ठेवतोच. 'कंजूष'चे काय?

प्रतिसाद

काढून टाका. कंजूष माणूस स्वतःसाठी साठवतो, त्यात कोतेपणा आहे. बापूंच्या षटकामागे सरासरी १.६७ धावाच गेल्या, आणि वाचवलेल्या धावा संघाच्या कामी आल्या. 'काटकसरी' बरा, पण तोही घरखर्चाच्या वहीतला वाटतो. आपल्या क्रीडापानांवरचा जुना शब्द आहे तो घ्या: टिच्चून. 'बापूंनी टिच्चून गोलंदाजी केली.' यात चिकाटी आहे, समोरच्याला हलू न देणे आहे, आणि थोडी जिद्दही. सरावाला खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर टप्पा टाकायचे असे त्यांच्याबद्दल सांगतात. त्या मेहनतीला कंजुषी कोण म्हणेल?

प्रतिसाद

'निर्धाव'बद्दल थोडे. शब्द सुरेख आहे आणि मी तोच वापरतो. पण परिचयात लिहिताना ध्यानात ठेवा: निर्धाव षटकात संघाला धावा मिळूच शकत नाहीत असे नाही. बाय (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता निघालेल्या धावा) आणि लेगबाय (बॅटला नव्हे, अंगाला लागून निघालेल्या धावा) गोलंदाजाच्या खात्यात धरत नाहीत, त्यामुळे त्या निघाल्या तरी षटक निर्धावच राहते. तेव्हा 'बापूंच्या २१ षटकांत इंग्लंडला एकही धाव मिळाली नाही' असे लिहू नका. 'बापूंनी सलग २१ षटके निर्धाव टाकली' हे नेमके आहे.

प्रतिसाद

आणखी एक चूक हल्ली सर्रास दिसते, 'अष्टपैलू खेळी'. खेळी म्हणजे फलंदाजाचा एक डाव. एकाच खेळीत गोलंदाजी कुठून येणार? दोन्ही बाजूंचे कौतुक करायचे असेल तर 'अष्टपैलू खेळ' किंवा 'अष्टपैलू कामगिरी' म्हणावे. कानपूरच्या १२२ धावा ही खेळी. ती झुंजार म्हणा, चिवट म्हणा. अष्टपैलू ती नाही, ते बापू आहेत.

मूळ प्रश्नकर्ता

'अष्टपैलूत्व' की 'अष्टपैलुत्व'?

प्रतिसाद

'त्व' लागताना ऱ्हस्व लु लिहितात: अष्टपैलुत्व. बाकी ठिकाणी दीर्घच: अष्टपैलूने, अष्टपैलूंची. 'त्व' जड वाटला तर 'अष्टपैलूपण' लिहा, वाचायला सोपे जाते.