जिगर इनला क्लबहाउस बार म्हणणं थांबवा

बंकरवासी

परवा या फोरमवर कुणीतरी गोल्फच्या फेरीनंतर बसायला जगातले सर्वोत्तम क्लबहाउस बार अशी यादी टाकली. पहिला नंबर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जिगर इनला, आणि खाली शेरा: "आपल्याकडचे क्लब बार म्हणजे पंख्याखाली व्हिस्की पिणारे काका." काकांचं नंतर बघू, आधी जिगरचं बघतो.

जिगर इन तिथल्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानाच्या सतराव्या होलच्या उजव्या अंगाला, ओल्ड कोर्स हॉटेलला लागून आहे. १८५० च्या दशकात ते स्टेशनमास्तरचं घर होतं. पब म्हणून उत्तमच. पण फेरी संपते अठराव्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या हिरवळीवर), आर अँड ए म्हणजे रॉयल अँड एन्शंट क्लबच्या इमारतीसमोर. म्हणजे ३५७ यार्डांचा अठरावा होल अख्खा उलटा चाला, वर सतराव्याचा तुकडा. दमलेले पाय, खांद्यावर बॅग, आणि समोरून वारा. याला क्लबहाउस बार म्हणायचं तर रस्त्यावरच्या कुठल्याही पबला का नको?

क्लबहाउस बारची परीक्षा सोपी आहे. शेवटचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) टाकल्यावर पाच मिनिटांत चौघं एका टेबलाशी बसली पाहिजेत. कार्डं निघतात, मार्कर (कार्ड लिहिणारा जोडीदार) प्रत्येक होलचा आकडा तपासून सही करतो, हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी) स्कोअर त्याच दिवशी चढवायचा असतो, पैजेचा हिशेब वेगळाच. "चौदाव्यावर तुझा सहा होता की सात" हे चौदावा डोक्यात ताजा असतानाच मिटतं. अर्ध्या तासाने प्रत्येकाला आपापला सोयीचा आकडा आठवतो. त्यासाठी ग्रीनजवळ टेबल लागतं, मऊ स्पाइकच्या बुटांनी चालेल अशी फरशी लागते आणि पेन असलेला बेअरर लागतो. भिंतीवरचे फोटो नंतर.

लिंक्सप्रेमी

साफ असहमत. तुमची परीक्षा चेंबूरच्या गोल्फ क्लबला लागू होते. सेंट अँड्र्यूजला ती लावणं म्हणजे तिथला कारभार माहीत नसणं.

ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे, तो लिंक्स ट्रस्ट चालवतो. ज्या इमारतीसमोर फेरी संपते ती १८५४ ची आर अँड ए ची इमारत फक्त सभासदांची. दोन दिवस आधी बॅलटमध्ये (सोडतीत) नाव टाकून, नशिबाने टी टाइम (फेरी सुरू करायची वेळ) मिळवून खेळलेला माणूस तिच्या दारातून आत जाऊ शकत नाही. सगळ्यांना उघडं असलेलं लिंक्स क्लबहाउस झालं १९९५ मध्ये. सोयीचं आहे, शॉवर-लॉकर आहेत, पण बार म्हणून जीव नाही, एखाद्या विमानतळाच्या लाउंजसारखा. म्हणून तिथे गावच क्लबहाउस आहे.

अंतराचीच तक्रार असेल तर डनव्हेगनला जा. गोल्फ प्लेस आणि नॉर्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, अठराव्या ग्रीनपासून वेजच्या एका छोट्या फटक्यावर. रसॅक्स हॉटेल तर अठराव्या फेअरवेला (होलच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला) खेटूनच आहे, त्याचा वन अंडर बार खालच्या मजल्यावर. तुमच्या पाच मिनिटांत दोन्ही बसतात.

जाणाऱ्यांसाठी: जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून लोक चारचा टी टाइम घेऊन खूश होतात. चार-सव्वाचार तासांची फेरी, म्हणजे सव्वाआठ. स्कॉटलंडमधल्या बऱ्याच पबांचं किचन नऊच्या सुमाराला बंद होतं, बार मात्र चालू राहतो. आधी जेवण सांगा, मग पहिली पाइंट. उलट केलंत तर शेंगदाण्यांवर रात्र काढावी लागते. आणि जिगरला जायचंच असेल तर रविवारी जा. त्या दिवशी ओल्ड कोर्स खेळाला बंद असतो, फेअरवेवरून चालत जाता येतं.

मुळाकाठ

काकांवर कुणीच बोलणार नाही का? पंख्याखालचे काका जिथे बसतात त्या परंपरेचं वय बघा. कलकत्त्याचा रॉयल गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. लिंक्सप्रेमी ज्या इमारतीच्या दारापर्यंत जाऊन परत येतात ती त्यानंतर पंचवीस वर्षांनी उभी राहिली. मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ क्लब होता.

आणि आपल्या क्लबांकडे जे आहे ते स्कॉटलंडकडे नाही: चिली चीज टोस्ट. पण तो बिघडवणारे किचनही आपलेच. पाव आधी एका बाजूने कोरडा भाजायचा, चीज लावायचं ते न भाजलेल्या बाजूला. म्हणजे खालचा थर कडक राहतो आणि वरचा चीजचा ओलावा पितो. हिरवी मिरची बारीक चिरून, बिया काढून. कांदा घालायचाच तर चिरून पिळून, नाहीतर त्याचं पाणी सुटून टोस्ट लोळागोळा होतो. मग वरून जाळ असलेल्या ग्रिलखाली तीनेक मिनिटं, चीजवर तपकिरी ठिपके येईपर्यंत. हल्ली गर्दीच्या दिवशी मायक्रोवेव्हमधून काढतात. तो पाव दुसऱ्या घासाला रबर होतो. क्लबच्या तक्रारवहीत पार्किंगबद्दल पानंच्या पानं असतात, याबद्दल एक ओळ नसते.

दोनशेयार्ड

कलकत्त्याचं वय सांगून काय उपयोग, आत कोण जाऊ शकतं ते सांगा. बाहेरच्या माणसाला आधी आपल्या क्लबचा त्या क्लबशी करार आहे का ते बघावं लागतं. मग आपल्या सचिवाकडून परिचयपत्र, त्यावर तारखा. तारीख उलटली की गेटवरूनच परत. आत गेल्यावर रोकड चालत नाही. कुठे कार्डात पैसे भरायचे, कुठे कुठल्यातरी सभासदाने चिटवर सही करायची. सभासद उठून गेला की पाहुण्याला पाण्याची बाटलीसुद्धा मिळत नाही. डनव्हेगनमध्ये दार ढकललं की झालं.

दुसरं, कॅडी. साडेचार तास जो माणूस तुमची बॅग उचलतो, चेंडूची लाइन वाचतो तो आपल्याकडे बारच्या पायरीशी थांबतो. त्याचा चहा मागच्या शेडमध्ये. सेंट अँड्र्यूजच्या पबात कॅडी शेजारच्या स्टुलावर बसतो आणि तुम्ही सोळाव्यावर कुठली काठी चुकीची घेतलीत ते सगळ्यांदेखत सांगतो. बंकरवासींच्या "कार्डांच्या हिशेबा"त खरा साक्षीदार तोच, आणि तोच टेबलावर नाही.

बंकरवासी

कॅडीचा मुद्दा मान्य. इतका मान्य की त्यावर वेगळा धागा काढा, म्हणजे हा धागा शाबूत राहील.

परिचयपत्राच्या नावाने रडणाऱ्यांनी एकदा स्कॉटलंडमधल्याच म्यूरफील्डची पद्धत बघावी. १७४४ चा क्लब, जेवणघरात कोट-टाय सक्तीचा. सकाळी एक फेरी, मधे भरगच्च जेवण, दुपारी फोरसम्स (दोघांत एकच चेंडू, आळीपाळीने). आणि बायकांना सभासद करायचं ठरवायलाच २०१७ साल उजाडलं. स्कॉटलंड म्हणजे ढकललेलं दार, हे अर्धंच चित्र आहे.

फेसाळ

एवढं लिहिलंत, पण फेरीनंतर पहिला ग्लास कशाचा यावर अक्षर नाही. अठरा होल चालून आलेल्या माणसाला थेट व्हिस्की देणारा बार कुठल्याही देशात वाईटच. पहिला ग्लास शँडीचा.

आणि ती आपल्याकडे चुकीची बनते. बिअर आणि लेमनेड, प्रमाण अर्धं-अर्धं. दोन्ही बाटल्या चार-पाच अंशांना गार केलेल्या, बर्फ नाही. बर्फ टाकला की दहा मिनिटांत लिंबाचं पाणी. ग्लासात आधी लेमनेड, म्हणजे आपल्याकडे लिम्का किंवा स्प्राइट. मग ग्लास तिरपा धरून काठावरून सावकाश बिअर. उलटं केलं, बिअरवर लेमनेड ओतलं, की फेस उसळून अर्धा ट्रेमध्ये. ग्लास फ्रीझरमधला नको, आतल्या हिमकणांवर गॅस फुटतो. थंड पाण्याने विसळलेला ओला ग्लास पुरे.

खडकवासला९

चूक. आधी बिअर. वरून लेमनेड घातलं की आपोआप ढवळलं जातं. तुमच्या पद्धतीत साखरेचं जड पाणी तळाशी बसतं, पहिले तीन घोट कडू आणि शेवटचे दोन सरबत.

फेसाळ

बिअर वरून पडताना लेमनेडमधून खालपर्यंत जाते, थर बसायला ती काय रंगीत कॉकटेल आहे? थर दिसत असेल तर तुमचा बारमन चमच्याने ओततोय. बिअरमधल्या प्रथिनांमुळे फेस टिकतो, त्यावर गॅसचं पेय आदळलं की तो वाढतच जातो. मग बारमन काय करतो? फेस चमच्याने काढतो आणि भरपाईला लेमनेड ओततो. तुम्हाला अर्धं-अर्धं नाही, एकास दोन मिळतं. कडू लागत नाही म्हणून तुम्हाला ते आवडत असणार.

खडकवासला९

आवडीनिवडीवर घसरायची गरज नव्हती. तिरपा ग्लास धरून सावकाश ओतलं तर लेमनेडही उसळत नाही. हातात कसब नसलेल्या बारमनसाठी तुम्ही नियम बनवताय.

फेसाळ

शनिवारी सकाळच्या स्पर्धेनंतर साठ माणसं एकदम बारवर येतात. नियम हातात कसब नसलेल्या बारमनसाठीच असतो.

लिंक्सप्रेमी

दोघेही ६५० मिलीच्या बाटलीबद्दल बोलताय, गोंधळ तिथे आहे. चौघांत दोन मोठ्या बाटल्या मागवतात, व्हरांड्यात दुसऱ्या ग्लासापर्यंत उरलेली कोमट होते आणि कोमट बिअर जास्त फेसाळते, मग ओतायचा क्रम कुठलाही असो. ३३० ची मागवा, एकेक उघडा. स्कॉटलंडमध्ये ही कटकट नाही. तिथली पाइंट ५६८ मिलीची, नळातून थेट. नळाची लाइन दर आठवड्याला धुणं हा तिथला रिवाज आहे. आपल्याकडे ड्राफ्ट असलेल्या क्लबांत लाइन कधी धुतली ते विचारून बघा. बिअरला आंबूस, लोण्यासारखा वास आला तर लाइन धुतलेली नाही, बाटली मागवा.

पूर्वकिनारा

शँडी पिऊन गाडी चालवायची आहे का? त्यापेक्षा गनर. हाँगकाँग-सिंगापूरच्या क्लबांत फेरीनंतर हेच चालतं. उंच ग्लास, बर्फ भरपूर, जिंजर बिअर (आल्याचं झणझणीत पेय, नावात बिअर असली तरी बिनदारूचं) आणि जिंजर एल (त्याचं गोड, सौम्य भावंड) समसमान, लिंबाचा रस दहा मिली, अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे तीन-चार झटके. बिटर्स शेवटी आणि वरून, ढवळायचं नाही, म्हणजे प्रत्येक घोटाला वास येतो.

आपल्याकडे तो बिघडतो तो जिंजर बिअरपायी. बारमध्ये नसते, मग नुसतं जिंजर एल घालतात आणि गोड पाणी होतं. उपाय: आलं किसून कच्चाच रस पिळायचा, समान वजनाची साखर त्यात थंडच विरघळवायची. उकळायचं नाही, फार वेळ उकळलं की आल्याचा झणका जातो. या पाकाचे तीस मिली आणि सोडा एकशेवीस. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो. तळाशी पांढरा साका बसतो, तो आल्यातल्या स्टार्चचा आहे, बाटली हलवून घ्या.

दोनशेयार्ड

बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. "गाडी चालवायची आहे" म्हणून सुचवताना ते सांगायचं राहिलं वाटतं.

पूर्वकिनारा

चार झटके म्हणजे जेमतेम तीन मिली. त्यातलं अल्कोहोल सव्वा-दीड मिली. तीनशे मिलीच्या ग्लासात अर्ध्या टक्क्याच्याही आत. आपल्या अन्न नियमांत मद्य म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या वर. ताकद मोजायचीच तर शँडीची मोजा: ४.८ टक्क्यांची दीडशे मिली बिअर म्हणजे सव्वासात मिली अल्कोहोल.

आणि गाडी चालवणाऱ्यासाठीची मर्यादा लक्षात घ्या. आपल्याकडे शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल. इंग्लंडात ऐंशी. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये ऐंशीवरून पन्नासवर आणली. ३३० मिलीच्या एका साध्या बिअरमध्ये साडेबारा ग्रॅम अल्कोहोल असतं. सत्तर किलोचा पुरुष तेवढ्यानेच पंचविशीपर्यंत पोचतो, वजन कमी असेल तर तिशी ओलांडतो. "एकच घेतली" हे वाक्य आपल्याकडे चालत नाही. सेंट अँड्र्यूजला तर रेल्वे स्टेशनही नाही, जवळच्या लूकर्स स्टेशनपर्यंत बस किंवा टॅक्सी. म्हणून तिथे लोक गावातच मुक्काम करतात, आणि म्हणून तिथले पब भरलेले असतात. वातावरण-बितावरण नंतर.

मुळाकाठ

व्वा. चिली चीज टोस्टवर शून्य प्रतिसाद, बिटर्सच्या झटक्यांवर मिलीलिटरात हिशेब.

परमिटवाला

महाराष्ट्रातल्या क्लबांत पाहुणा नेणाऱ्यांनो, दारू पिण्याचं परमिट विसरू नका. एक दिवसाचं पाच रुपयांत, आजन्म हजारात. वयाची अट बिअरला २१, व्हिस्कीला २५. तेवीस वर्षांच्या पुतण्याला घेऊन येता, त्याच्यासाठी जिन मागवता आणि बेअरर नाही म्हणाला की त्याच्यावर ओरडता. तो क्लबचा परवाना सांभाळतोय. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लबातल्या दारूवरचा व्हॅट पाचावरून दहा टक्के झाला, तेव्हा चिटवरचा आकडा बघून त्याच्यावरच संशय घेऊ नका.

बंकरवासी

मूळ प्रश्न होता जिगर क्लबहाउस बार आहे का. डनव्हेगन आणि रसॅक्स माझ्या परीक्षेत बसतात हे लिंक्सप्रेमींनीच सिद्ध केलं, त्याबद्दल आभार. म्हणजे परीक्षा बरोबर, जिगर नापास.

लिंक्सप्रेमी

सोयीचं तेवढं उचललंत. ती दोन्ही क्लबहाउस नाहीत, एक पब आणि एक हॉटेल. तुमच्याच परीक्षेत क्लबहाउसबाहेरचे दोन पास झाले, म्हणजे परीक्षा बारची होती, क्लबहाउसची नाहीच.

खडकवासला९

आज शनिवार आहे, एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा, एकात आधी बिअर, दुसऱ्यात आधी लेमनेड. फेसाळ, फेसाची उंची मोजून इथे टाका. बोटांनी नाही, पट्टीने.

फेसाळ

ग्लास एकाच मापाचे आणि दोन्ही विसळलेले हवेत. धुण्याच्या पावडरचा अंश राहिला तर फेस बसतो, मग तोच पुरावा म्हणून दाखवाल.