मेगा ड्राइव्ह: आधी केबल बदला, मग सोल्डरिंग
सेगाचा जुना गेम कन्सोल मेगा ड्राइव्ह: पिवळ्या पिनेवर (म्हणजे कंपोझिटवर) त्याचं चित्र धूसर येतं म्हणून तो उघडून आत एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगळ्या तारांतून नेणारी जोडणी) सोल्डर करायचा विचार काहीजण मांडतात. पण उघडताय कशाला? मागच्या गोल एव्ही सॉकेटमध्ये सेगाने आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांत) मूळचंच दिलंय, मॉडेल १ आणि २ दोन्हींत. कंपोझिटमध्ये रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले असतात, ते वेगळे करताना टीव्ही गडबडतो. आरजीबीत ती भानगडच नाही. आपल्याकडच्या टीव्हींना स्कार्ट (आरजीबी घेणारं युरोपातलं सॉकेट) सहसा नसतं, पण २००० नंतरच्या अनेक सीआरटींना (जुन्या काचनळीच्या टीव्हींना) कंपोनंट (तीन तारांचं व्हिडिओ इनपुट) आहे, तिथे आरजीबी-टू-कंपोनंट कन्व्हर्टर पुरतो. एलसीडी मात्र २४०पीला (कन्सोलच्या २४० ओळींच्या चित्राला) अनेकदा ४८०आय (एकाआड एक ओळी दाखवणारं चित्र) समजतो आणि हलतं चित्र फिसकटतं. आरजीबीचा तोटा एकच: सॉनिक गेममधले धबधबे कंपोझिटच्या धूसरपणात पारदर्शक वाटतात, तसे न दिसता उभ्या रेघांचे दिसतात. मला त्या चालतात.