हेन्री जॉर्ज यांचा जमीनकर शहरविरोधी होता का?

प्रश्न (परभणी):
औद्योगिक काळातील शहरविरोधी विचारांवर मी टिपण लिहीत आहे. इतर सर्व कर रद्द करून केवळ जमिनीच्या मूल्यावर कर घ्यावा, असे अमेरिकन अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांनी 1879 साली मांडले. खेड्याची ओढ असलेले टॉलस्टॉय त्यांचे चाहते होते आणि उद्याननगरीचा (शेतीने वेढलेल्या, मर्यादित वस्तीच्या नव्या नगराचा) पुरस्कार करणारे इंग्रज विचारक एबेनेझर हॉवर्ड यांच्यावरही त्यांचा प्रभाव होता. मग जॉर्ज यांना शहरविरोधी म्हणावे का? शिवाय हा कर आणि आपला शेतसारा एकच का?

उत्तर (लातूर):
म्हणू नये. जॉर्ज यांचा विचार सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क पाहूनच घडला. 1886 मध्ये ते न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि थिओडोर रूझवेल्ट यांना मागे टाकून दुसरे आले. त्यांचा राग शहरावर नव्हता, तर भाव वाढेपर्यंत मोकळे प्लॉट अडवून ठेवणाऱ्यांवर होता, कारण त्यामुळेच कामगार एकीकडे कोंदट चाळींत दाटतात आणि दुसरीकडे वस्ती उगीच लांबवर पसरते. या करामुळे दाट वस्ती विरळ होईल असे ते म्हणतात खरे, पण फार विरळ वस्ती एकवटेल असेही म्हणतात, आणि त्यांना ग्रामवादी ठरवणारे हा उत्तरार्ध सोयीस्करपणे गाळतात.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
हॉवर्ड यांची 1898 ची योजना आकड्यांसह पाहावी. शेतीच्या भावाने, म्हणजे एकरी सुमारे 40 पौंडांनी, 6000 एकर घ्यायचे. 1000 एकरांवर नगर, उरलेल्यावर शेती, आणि लोकसंख्या 32,000. जमीन विश्वस्तांकडेच राहणार, म्हणून लोक आल्याने वाढलेले भाडे कर्ज फेडून नगराच्याच खर्चाला मिळणार. इंग्लंडमधले लेचवर्थ हे नगर 1903 मध्ये याच कल्पनेवर सुरू झाले. जॉर्ज यांनी जे करातून साधायचे ठरवले, ते हॉवर्ड यांनी सामाईक मालकीतून साधायचे ठरवले.

उत्तर (बीड):
शेतसाऱ्याचे उत्तर मी देतो. सारा बसवताना जमिनीची प्रत आणि पाणी पाहत, आणि रोकड रक्कम ठरलेली असल्याने दुष्काळात शेतकऱ्याला सावकाराचे दार गाठावे लागे. जॉर्ज यांचा कर जागेच्या मूल्यावर आहे. विहीर, बांध, घर यांना तो शिवत नाही. (शेतकऱ्याने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेवर सारा वाढवू नये, हे तत्त्व मुंबई इलाख्याच्या 1879 च्या जमीन महसूल कायद्यातही होते.) ज्या मुरमाड रानातून मजुरी आणि खर्च वजा जाता काहीच उरत नाही, त्यावर हा कर जवळपास शून्य येईल, खरा भार बाजारपेठेतल्या रिकाम्या प्लॉटवर पडेल.

मात्र एक अडचण उरते. हमरस्ता जाहीर होताच एकराने बोलला जाणारा भाव गुंठ्यावर येतो, आणि त्याच शिवारात अजून कापूस लावणाऱ्यालाही प्लॉटच्या भावाने कर बसतो. पिकातून तो भागणार नाही, म्हणून त्याला जमीन विकावी लागेल. जॉर्ज यांना यात गैर वाटणार नाही. मला मात्र ते गैर वाटते, आणि विक्री होईपर्यंत कर थकीत ठेवण्याची सवलत दिल्याखेरीज आपल्याकडे कोणी त्याला हो म्हणणार नाही.